कोर्ट्स: फ्रीज विकणारं दुकान की हप्ते विकणारं?



पॉडकास्टच्या या भागात वेळ संपला आणि एक मोठा मुद्दा अर्धाच राहिला. तो इथे पूर्ण करतोय. चहा घेऊन बसा, थोडं लांबेल.

समजा, तुम्हाला सिंगापूरला नोकरी लागली. पहिलं वर्ष कुणाच्या तरी घरात खोली घेऊन काढलंत. आता वुडलँड्समध्ये आख्खा फ्लॅट भाड्याने मिळालाय, पण रिकामा. आईने बॅगेत कोंबून मिक्सर पाठवलाय. तुम्ही तो बाहेर काढता, भिंतीपाशी जाता आणि लक्षात येतं की पिनच बसत नाहीये. आपली पिन गोल, इथलं सॉकेट चौकोनी भोकांचं.

खरं तर या दोन्ही पिना ब्रिटिशच. आपल्याकडची गोल पिन हे जुनं ब्रिटिश मानक. पुढे ब्रिटनने १९४७ मध्ये चपट्या पायांची, आत फ्यूज असलेली नवी पिन आणली. ती सिंगापूर आणि मलेशियाने घेतली, आपण जुन्यावरच राहिलो. वीज मात्र दोन्हीकडे सारखीच, २३० व्होल्ट. म्हणजे मिक्सर चालेल, फक्त अ‍ॅडॉप्टर हवा.

तो घ्यायला तुम्ही एमआरटी स्टेशनला लागून असलेल्या कॉजवे पॉइंट मॉलमध्ये जाता. अ‍ॅडॉप्टर शोधता शोधता फ्रीजच्या रांगेत पोचता. असल्या दुकानात फ्रीजवर बहुतेक वेळा दोन आकडे दिसतात. मोठ्या अक्षरांत ‘महिना अमुक डॉलर’, आणि खाली बारीक अक्षरांत पूर्ण किंमत.

आज त्या मोठ्या आकड्याबद्दल बोलायचंय. या मॉलमध्ये ज्याची पाटी अनेकांनी पाहिली असेल त्या कोर्ट्स या साखळीचा इतिहास वाचला की तो आकडा वेगळाच दिसायला लागतो.

कँटरबरीचं एक फर्निचरचं दुकान

कोर्ट्स हे नाव ऐकून कचेरी आठवते, पण त्याचा न्यायालयाशी संबंध नाही. ते आडनाव आहे. १८५० साली इंग्लंडमधल्या कँटरबरी शहरात विल्यम हेन्री कोर्ट नावाच्या माणसाने फर्निचरचं दुकान काढलं. पुढची जवळपास शंभर वर्षं ते एक साधं, गावातलं दुकान होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कोहेन बंधूंनी ते विकत घेतलं आणि तिथून खरी वाढ सुरू झाली.

युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये घरं नवी बांधली जात होती, लोकांना पगार होता, पण हातात एकरकमी पैसा नव्हता. अशा गिऱ्हाइकाला सोफा विकायचा तर हप्ते बांधून देण्याला पर्याय नव्हता. कोहेन बंधूंनी तेच मोठ्या प्रमाणावर केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की हीच परिस्थिती समुद्रापलीकडे, ब्रिटिश वसाहतींमध्येही आहे. १९५९ मध्ये जमैकात दुकान निघालं. पुढे कॅरिबियनमधली इतर बेटं, फिजी, मॉरिशस. जिथे आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, त्या मॉरिशसमध्येही हीच पाटी झळकली.

भाडेखरेदी म्हणजे नेमकं काय?

इथे जरा थांबून हप्त्याचा इतिहास बघू.

हप्त्याने वस्तू विकण्याची आधुनिक पद्धत गाजवली ती सिंगर शिवणयंत्राच्या कंपनीने, १८५६ च्या सुमारास अमेरिकेत. शिवणयंत्र महाग होतं, पण ते घरात आलं की त्यावर शिवणकाम करून पैसे मिळवता यायचे. कंपनीने सांगितलं, यंत्र आत्ता न्या, थोडे पैसे द्या, उरलेले दर महिन्याला. एकदम परवडणार नाही अशी वस्तू लोकांच्या घरात पोचली.

पण दुकानदाराला एक भीती होती. गिऱ्हाइकाने दोन हप्ते भरून वस्तू तिसऱ्यालाच विकली तर? त्यावर ‘भाडेखरेदी’ ही युक्ती निघाली. कागदोपत्री वस्तू विकलेलीच नसते, भाड्याने दिलेली असते. शेवटचा हप्ता भरला की मालकी तुमची. तोवर ती दुकानदाराची.

या युक्तीची कसोटी १८९५ मध्ये लागली, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये. हेल्बी नावाच्या व्यापाऱ्याने ब्रूस्टर नावाच्या माणसाला पियानो दिला होता. महिन्याला साडेदहा शिलिंग, असे ३६ हप्ते. ब्रूस्टरने काही महिन्यांतच तो पियानो मॅथ्यूज नावाच्या सावकाराकडे गहाण टाकला. पियानो कुणाचा? लॉर्ड्सनी सांगितलं, हेल्बीचा. ब्रूस्टरवर तो विकत घ्यायचं बंधनच नव्हतं, तो कधीही परत करू शकत होता. म्हणजे तो खरेदीदार नव्हता, भाडेकरू होता. आणि भाडेकरूला दुसऱ्याची वस्तू गहाण टाकता येत नाही.

या निकालाने दुकानदारांना मोठा आधार मिळाला. वस्तू हीच तारण झाली. गिऱ्हाइकाकडे जमीन नसली, दागिने नसले, जामीन नसला तरी चालेल. मासिक पगार आहे ना? बास.

आपल्याकडच्या उधारीशी तुलना करा. वाण्याची वही ओळखीवर चालायची. ‘कुणाचा मुलगा रे तू?’ याचं उत्तर पटलं तर साखर मिळायची. भिशी तर पूर्णपणे ओळखीवरच. दहा बायका दर महिन्याला पैसे काढणार, ज्या महिन्यात जिचा नंबर लागेल तिच्याकडे मिक्सर येणार. हप्त्याच्या दुकानाने ओळखीची गरजच काढून टाकली. परक्या गावात आलेल्या माणसाला ही किती मोठी सोय आहे, हे परदेशात पहिलं घर लावलेल्या कुणालाही सांगायला नको.

नवी घरं, रिकामी घरं

कोर्ट्स सिंगापूरला आलं १९७४ मध्ये. ते वर्ष लक्षात ठेवा.

सिंगापूरचं गृहनिर्माण मंडळ, म्हणजे एचडीबी, १९६० मध्ये स्थापन झालं. १९६४ मध्ये लोकांना सरकारी फ्लॅट विकत घेता येतील अशी योजना आली आणि १९६८ पासून त्यासाठी सीपीएफमधला, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतला पैसा वापरता येऊ लागला. लाखो माणसं कंपाँगमधल्या, म्हणजे जुन्या वाड्यावस्त्यांतल्या घरांतून नळ आणि वीज असलेल्या फ्लॅटमध्ये गेली. आजही सिंगापूरच्या रहिवाशांपैकी दहांतली सुमारे आठ माणसं एचडीबीतच राहतात.

आता विचार करा. सीपीएफमुळे घर झालं, पण सीपीएफच्या पैशातून फ्रीज घेता येत नाही. चार भिंती आहेत, भिंतीत सॉकेट आहे, त्यात लावायला काही नाही. त्यातच १९७४ मध्ये सिंगापूरच्या टीव्हीवर रंग आला. त्या वर्षीची फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत तिथे रंगीत दिसली. (आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि रंगासाठी १९८२ च्या एशियाडची वाट पाहावी लागली.) नियमित पगार, नवं घर आणि रंगीत टीव्हीची ओढ. हप्त्याने विकणाऱ्या दुकानाला याहून चांगली वेळ मिळणं कठीण. लाकडी फर्निचरचं दुकान विजेच्या वस्तूंचं झालं ते या ओघातच.

वुडलँड्सची गोष्ट याच गोष्टीचा एक तुकडा. जोहोर सामुद्रधुनीवरचा कॉजवे १९२४ मध्ये रीतसर खुला झाला तेव्हा वुडलँड्स म्हणजे बेटाचं उत्तर टोक, जिथून मलायात जायचं. एचडीबीच्या इमारती इथे उभ्या राहू लागल्या त्या सत्तरच्या दशकात. पण शहराशी नीट जोडलं गेलं ते १९९६ मध्ये, एमआरटी स्टेशन झाल्यावर. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, स्टेशनला लागून कॉजवे पॉइंट उघडलं. आधी घरं, मग रेल्वे, मग मॉल, आणि मॉलमध्ये फ्रीज-टीव्हीचं दुकान. सिंगापूरच्या बहुतेक उपनगरांत हाच क्रम दिसेल.

दरम्यान कोर्ट्सने १९८७ मध्ये मलेशियातही पाय रोवले. म्हणजे वुडलँड्सच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना तीच पाटी होती.

मूळ वाळलं, फांदी जगली

२००४ च्या नोव्हेंबरअखेर ब्रिटनमधली मूळ कंपनी कोसळली. दीडशे वर्षांहून जुनं नाव. परदेशातली दुकानं बरी चालली होती, पण ब्रिटनमधला धंदा तोट्यात होता आणि बँकांचं कर्ज डोईजड झालं होतं.

हप्त्याच्या धंद्यात एक मूळ अडचण आहे. फ्रीज आज गेला, पैसे दोन वर्षांत येणार. मधल्या काळात दुकानाला स्वतः कर्ज काढून चालावं लागतं. म्हणजे गिऱ्हाईक दुकानाचं ऋणी, दुकान बँकेचं ऋणी. विक्री जितकी जास्त, तितकं कर्जही जास्त. गिऱ्हाइकं थकली किंवा बँकेने हात आखडता घेतला की दुकानात माल भरलेला असूनही दुकान बुडू शकतं.

आई गेल्यावर लेकरं वेगवेगळ्या घरी दत्तक गेली. कॅरिबियनमधली दुकानं मध्य अमेरिकेतल्या युनिकोमर या गटाने घेतली. फिजीतलं कोर्ट्स तिथल्याच एका उद्योगसमूहाकडे गेलं. आज जमैकातलं, फिजीतलं आणि सिंगापूरमधलं कोर्ट्स यांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. एकच पाटी, वेगळे मालक.

सिंगापूरची फांदी या गोंधळातही वाढत होती. २००६ च्या अखेरीस टॅम्पिनीसला, आयकियाच्या शेजारी, त्यांनी गोदामाएवढं मोठं दुकान उघडलं. मूळ कंपनी बुडून दोन वर्षं झाली होती आणि नवा मालक अजून यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट! २००७ मध्ये बेअरिंग प्रायव्हेट इक्विटी एशिया आणि तिच्या साथीदारांनी सिंगापूर-मलेशियाचा धंदा विकत घेतला. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘कोर्ट्स एशिया’ सिंगापूरच्या शेअर बाजारात आली, ७७ सेंटला एक शेअर. २०१४ मध्ये इंडोनेशियात पहिलं दुकान निघालं.

मग दिवस फिरले. लोक दुकानात येऊन टीव्ही बघायचे आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवायचे. जपानचं बेस्ट डेन्की, ऑस्ट्रेलियाचं हार्वे नॉर्मन, १९८१ पासूनचं स्थानिक गेन सिटी, लिटल इंडियातलं आपलं सगळ्यांचं मुस्तफा, अशी दुकानांची स्पर्धा होतीच. २०१९ मध्ये जपानच्या नोजिमा कंपनीने कोर्ट्स एशिया विकत घेतली. भाव होता साडेवीस सेंट. सगळे मिळून सुमारे १०.६ कोटी सिंगापूर डॉलर. ७७ सेंटला शेअर घेऊन थांबलेल्या माणसाचं काय झालं असेल, हा हिशेब तुम्हीच करा.

नोजिमाही मूळची छोटी. १९५९ साली टोकियोजवळच्या सागामिहारा शहरात सुरू झालेलं विजेच्या कामांचं दुकान. जपानमधल्या त्यांच्या दुकानांत एक गोष्ट ते मुद्दाम सांगतात: आमच्याकडे टीव्ही-फ्रीज बनवणाऱ्या कंपन्यांनी पाठवलेले विक्रेते नसतात, सगळे आमचेच. म्हणजे सल्ला एका ब्रँडच्या बाजूने झुकणार नाही.

इकडे मुंबईत काय चाललं होतं?

कोर्ट्सच्या सात वर्षं आधी, १९६७ मध्ये, माहीमला नानू गुप्ता यांनी एक छोटं दुकान काढलं. भावाच्या नावावरून नाव ठेवलं, तेच आजचं विजय सेल्स. मुंबईत टीव्ही सुरू झाला, एशियाड आलं, उपनगरं वाढली आणि दुकानाची साखळी झाली. २००६ मध्ये टाटांच्या क्रोमाने जुहूला पहिलं दुकान उघडलं. नव्या इमारती आणि नवे पगार ही गोष्ट इथेही तीच.

फरक कर्जात आहे. कोर्ट्सने दीर्घ काळ उधारी स्वतःच्याच वहीवर ठेवली. आपल्याकडच्या दुकानात मात्र कोपऱ्यात वेगळं टेबल असतं आणि तिथे बसलेला मुलगा दुकानाचा नसतो, फायनान्स कंपनीचा असतो. १९८७ मध्ये पुण्यात सुरू झालेली, मूळ दुचाकी-तिचाकीसाठी कर्ज देणारी बजाजची फायनान्स कंपनी पुढे फ्रीज-टीव्हीच्या हप्त्यांसाठीच घराघरात ओळखीची झाली. दुकानाला लगेच पैसे मिळतात, वसुलीचा धोका दुसऱ्याचा. कोर्ट्सच्या ब्रिटनमधल्या अनुभवानंतर या रचनेचं शहाणपण कळतं.

‘शून्य टक्के व्याज’ ही जाहिरातही आपल्या ओळखीची. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की शून्य टक्क्यांच्या हप्त्यांमध्ये व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं, तेव्हा हे थांबवा. पैसा फुकट कुणी देत नाही. व्याज दिसलं नाही तर ते फीमध्ये असतं, किंवा रोख घेणाऱ्याला मिळाली असती त्या सवलतीत असतं.

जरा हिशेब करू

आकडे समजुतीसाठी घेतलेत, कुठल्याही दुकानाचे नाहीत. फ्रीज १,२०० डॉलरचा. दोन वर्षं, व्याज ‘वर्षाला फक्त १० टक्के’. व्याज झालं २४०. एकूण १,४४०. चोवीस हप्ते, प्रत्येकी ६० डॉलर.

आता सांगा, व्याजदर किती? दहा? नाही. दहा टक्के हे पूर्ण १,२०० वर, दोन्ही वर्षं धरले आहेत. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडताय. बाराव्या महिन्यात तुमच्याकडे १,२०० उरलेलेच नसतात, जेमतेम साडेसहाशे उरलेले असतात. शिल्लक रकमेवर हिशेब मांडला तर खरा दर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जातो. पहिल्या दराला फ्लॅट रेट म्हणतात, दुसऱ्याला प्रभावी दर.

आपल्या जुन्या कायद्यात ‘दामदुपट’ नावाचा नियम होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. मुंबई इलाख्यातली न्यायालयंही तो मानत. म्हणजे कर्ज कुठवर वाढू द्यायचं, हा प्रश्न आपल्या पणजोबांनाही पडलेला होता.

मग हप्त्याने घ्यायचं की नाही?

घ्या की! रिकाम्या घरात पहिल्या महिन्यात फ्रीज, वॉशिंग मशीन आणि गादी एकदम लागतात. रोज बाहेर जेवून जे पैसे जातात, त्यापेक्षा व्याज कमी पडू शकतं. फक्त सही करण्याआधी काउंटरवर चार गोष्टी विचारा.

एक, रोख किती आणि सगळे हप्ते मिळून किती? महिन्याचा आकडा विसरा, या दोनमधला फरक बघा.

दोन, कर्ज कोण देतंय? दुकान, बँक की तिसरीच कंपनी? नोकरी बदलून देश सोडायची वेळ आली तर उरलेले पैसे एकदम भरता येतात का, त्याला दंड किती?

तीन, वाढीव वॉरंटी कुणाची? उत्पादकाची की दुकानाची? दुकान बंद पडलं तर ती कोण पाळणार? साध्या दोषासाठी सिंगापूरच्या कायद्याने काही हक्क आधीच दिलेत. सप्टेंबर २०१२ पासून लागू असलेल्या ‘लेमन लॉ’नुसार वस्तू हातात आल्यापासून सहा महिन्यांत दोष निघाला तर तो आधीपासूनच होता असं मानलं जातं. नव्हता, हे दुकानदाराने सिद्ध करायचं. पैसे देऊन वॉरंटी वाढवण्याआधी हे लक्षात घ्या.

चार, फ्रीजवर टिक किती? २००८ पासून इथे फ्रीज आणि एसीवर वीजवापराचं लेबल सक्तीचं आहे. हप्ता दोन वर्षांत संपतो, विजेचं बिल फ्रीज असेपर्यंत येतं.

आणि एक सावधगिरी. दुकान बुडालं तर काय होतं, हे आम्हाला सगळ्यात अन्यायाचं वाटतं. तुम्ही दुकानाचे पैसे देणं लागत असाल तर ते देणं संपत नाही. जो कुणी कारभार हाती घेईल तो वसूल करतोच. पण दुकान तुमचं देणं लागत असेल, म्हणजे आगाऊ पैसे भरलेत आणि गादी अजून आलेली नाही, तर तुम्ही येणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभे राहता. ऑक्टोबर २०२० मध्ये सिंगापूरचं १८५८ पासूनचं रॉबिन्सन्स बंद झालं, तेव्हा गाद्यांचे पैसे भरून बसलेल्या लोकांना हाच अनुभव आला. म्हणून पाटी कितीही जुनी असली तरी पूर्ण रक्कम आगाऊ भरायची वेळ आली, तर माल कधी येणार ते लिहून घ्या, आणि जमलं तर मोठा भाग माल आल्यावर द्या.

कँटरबरीच्या त्या दुकानाने सोफे विकले, मग टीव्ही, मग फ्रीज, मग मोबाइल. माल बदलत गेला. मालक बदलले, देश बदलले. न बदललेली गोष्ट एकच: आज हातात नसलेला पैसा आज वापरू देण्याची सोय, आणि तिची किंमत. ती सोय खरी आहे. वुडलँड्समध्ये ओळखीचा एकही वाणी नसताना पहिल्या आठवड्यात घरात थंड पाणी मिळतं, ते तिच्यामुळेच. फक्त तिची किंमत मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसते.

या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा एक विचारा. तुमच्या घरात हप्त्याने किंवा भिशीच्या पैशाने आलेली पहिली वस्तू कोणती होती? टीव्ही? शिवणयंत्र? कपाट? आई-बाबा आधी हसतील आणि मग अर्धा तास बोलतील. काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात त्यातलंच काही घेऊन बोलू.